जुने ऑपरेटर गेले आणि रिजेक्शन वाढलं: पोरांना येत नाही की शेडच तसं आहे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत सहा व्हीएमसींचा (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचा) जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्यांचे भाग करून देणारा कारखाना. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ६२ मिलिमीटरचा बेअरिंग बोअर, म्हणजे बेअरिंग बसवायचं गोल भोक. मार्चअखेर तीन जुने ऑपरेटर जास्त पगारावर चाकणला गेले, त्यांच्या जागी आयटीआय झालेली पोरं आली आणि बोअरचं रिजेक्शन, म्हणजे नाकारलेल्या जॉबचं (भागांचं) प्रमाण, शंभरात दोनवरून सहा-सातवर गेलं. मालक म्हणतात, पोरांना येत नाही, बाहेर ट्रेनिंगला पाठवा. एचआर बघणाऱ्या मॅडम म्हणतात, हल्लीच्या पोरांना कामात रसच नाही. तुम्ही प्रॉडक्शन बघता आणि तुम्हाला वाटतं की पत्र्याच्या शेडमधला उकाडा, कमी उजेड आणि बारा तासांची पाळी यांचाही यात हात आहे. तो किती टक्के, आणि मालकांना ते आकड्यांत कसं दाखवायचं, हे तुम्ही विचारलंय.

टक्क्यांचा नाद आधी सोडा. ब्लमबर्ग आणि प्रिंगल या दोन अभ्यासकांनी १९८२ मध्ये एक मांडणी केली होती, ती मला अजूनही कामाची वाटते: माणसाची कामगिरी ही त्याची क्षमता, त्याची इच्छा आणि त्याला मिळालेली संधी यांच्या गुणाकारासारखी असते. संधी म्हणजे मशीन, हत्यारं, उजेड, वेळ, माहिती, वरिष्ठांची मदत, असं सगळं त्याच्या हाताबाहेरचं. तुमच्या ऑफिसात मालकांनी क्षमता धरलीय, मॅडमनी इच्छा आणि तुम्ही संधी. तिघांच्याही हातात एकेक तुकडा आहे. पण गुणाकारात कुठल्या आकड्यामुळे उत्तराचे किती टक्के आले, हे विचारता येत नाही. एक आकडा शून्याजवळ गेला की बाकीचे कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

आता मालकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो ते मांडणारच: “उकाडा काय याच वर्षी आला का? गेल्या एप्रिलमध्येही शेड हेच होतं, पत्राही हाच होता, आणि रिजेक्शन दोनच टक्के होतं. बदलली ती माणसं.” ऐकायला बिनतोड वाटतं. मी पंचवीसेक वर्षं आधी टूलरूम, मग प्रॉडक्शन आणि आता लहान कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवर सल्लागार म्हणून काढली आहेत, आणि हा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकला आहे. त्यातली गोम अशी की मुरलेला ऑपरेटर जागेचे दोष स्वतःच्या अंगावर घेऊन झाकत असतो. तो असेपर्यंत ते दोष कुठल्याच रिपोर्टात दिसत नाहीत. तो गेला की तेच दोष नव्या पोराच्या नावावर चढतात.

तुमच्याच जॉबवर हे कसं होतं ते पाहू. ड्रॉइंगवरचा ग्रेड, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, तुम्ही लिहिलेला नाही, पण आयटी ७ धरला तर ६२ च्या मापाला सगळा मिळून ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पट्टा मिळतो. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. म्हणजे तुमचा ६२ चा बोअर एका अंशाला साधारण १.४ मायक्रॉन मोठा होतो. मापं २० अंशांना खरी मानायची हा जगभरचा संकेत आहे, आणि तुमची क्यूसी (तपासणीची) रूम एसीमुळे त्याच्या जवळपास असणार. आता एप्रिलची दुपार घ्या. बाहेर ३८, पत्र्याखाली त्याहून जास्त, कूलंटची (कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी दिवसभर तापलेली. मशीनमधून नुकताच निघालेला जॉब क्यूसी रूमपेक्षा १५ अंशांनी गरम असणं अगदी सहज शक्य आहे. पंधरा गुणिले १.४ म्हणजे २१ मायक्रॉन. तीसपैकी एकवीस मायक्रॉन नुसत्या उष्णतेने खाल्ले, अजून कोणी काही चुकलेलं नाही.

तुमचा बोअर गेज (भोक मापायचं साधन) ज्या स्टीलच्या रिंगवर सेट करता, तीही तापते. पण स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण निम्मंच वाढतं, आणि रिंग टेबलावर असते, कटिंगची उष्णता तिला लागत नाही. त्यामुळे थोडं कापलं जातं, सगळं नाही.

गरम जॉब मापला की बोअर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. नवं पोर प्रामाणिकपणे ड्रॉइंग बघतं, बोरिंग बार (भोक कापणारं हत्यार) पट्ट्याच्या मधोमध आणून ठेवतं, लाइनवर ओके लिहितं. दोन तासांनी क्यूसीत जॉब थंड होतो आणि बोअर लहान भरतो. तुम्ही लिहिलंय की बरेच जॉब ‘लाइनवर ओके, क्यूसीत नॉट ओके’ निघतात. ते लहान बाजूला जातायत का, एवढं आजच रजिस्टरमध्ये बघा. तसं असेल तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

मग जुन्यांचं कसं जमायचं? माझा अंदाज सांगतो, आणि तो बहुतेक बरोबर निघेल: ते दुपारच्या जेवणानंतर माप मुद्दाम वरच्या बाजूला ठेवत असणार. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. पाच-सहा उन्हाळे क्यूसीची बोलणी खाऊन हात बसला होता. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी मशीन थंड असतं, तेव्हा स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) पंधरा-वीस मिनिटं रिकामा फिरवून मगच ते पहिला जॉब लावत असतील. लोकेटरवर (जॉब जिथे टेकतो त्या आधारावर) एअर गन मारल्यावरही बोट फिरवून बघत असतील, कारण तिथे चिकटलेली बारीक चिप (धातूचा कीस) त्या उजेडात डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागते. इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) किती जॉबनंतर बदलायचा हे शीटवर लिहिलेलं असूनही ते कटिंगचा आवाज बदलला की बदलत असतील. यातलं काहीही तुमच्या सेटिंग शीटवर नाही. ते तिघं चाकणला जाताना हे सगळं बरोबर घेऊन गेले.

मालकांचं म्हणणं त्यामुळे पूर्ण खोटं ठरत नाही. कौशल्य कमी झालंच आहे. पण कोणतं कौशल्य? वाईट जागेत चांगलं काम काढण्याचं. ते बाहेरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, एसी लॅबमध्ये, नव्या मशीनवर कोणी शिकवत नाही. तिथून पोरं सर्टिफिकेट घेऊन येतील आणि मेमध्ये बोअर पुन्हा लहानच भरेल.

आता हे मालकांना दाखवायचं कसं. माझी नेहमीची पद्धत अदलाबदलीची आहे. दोन मशीन घ्या: एक जिथे रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे ते, दुसरं जिथे सगळ्यात कमी आहे ते. दोन माणसं घ्या: राहिलेल्यांतला तुमचा सगळ्यात पक्का ऑपरेटर आणि नव्यांपैकी एक. आठवडाभर जसे आहेत तसे चालवा, पुढचा आठवडा त्यांची मशीन बदला. कास्टिंग (ओतीव भाग) एकाच लॉटचं, इन्सर्ट एकाच ग्रेडचा, पाळी तीच. पक्का माणूस वाईट मशीनवर गेल्यावर त्याचंही रिजेक्शन चढलं, तर मशीन आणि जागा बोलतेय. नवा पोरगा चांगल्या मशीनवर जाऊनही तिथलं रिजेक्शन चढलं, तर त्याला खरंच शिकवायची गरज आहे. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं होतं, आणि सगळ्यात वाईट आकडा नवा माणूस आणि वाईट मशीन एकत्र आल्यावर येतो. दोघांची वेगवेगळी वाढ बेरजेने धरली तर जेवढी यायला हवी, त्याहून तो जास्त निघतो. मालकांना गुणाकार समजावून सांगायला हा एक कागद पुरतो.

यात दोन सावधगिरी. पहिली, याला परीक्षेचं रूप देऊ नका. आपल्यावर नजर आहे म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेड वाढवून-कमी करून जे प्रयोग झाले, त्यांची ख्याती यासाठीच आहे. त्यावरून व्यवस्थापनाच्या वर्गात पुढे असंही शिकवलं गेलं की उजेडाने काही फरक पडत नाही, माणसाकडे लक्ष दिलं की झालं. हे मला कधीच पटलं नाही, आणि नंतर ज्यांनी ते आकडे पुन्हा तपासले त्यांनाही तो निष्कर्ष सांगितला जातो तेवढा पक्का वाटला नाही. तुमच्यापुरता धडा एवढाच की पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे धरू नका. दुसरी सावधगिरी तुमच्या बोर्डाबद्दल आहे.

तुम्ही लिहिलंय की ऑपरेटरच्या नावानुसार रोजच्या रिजेक्शनचा बोर्ड दारात लावलाय. तो आज काढा. रोजचे आकडे नुसत्या योगायोगानेही खालीवर होतात. गुणवत्तेचे अमेरिकन अभ्यासक डेमिंग हे दाखवायला मण्यांचा एक खेळ करत असत: डब्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल, बाकी पांढरे. पन्नास खळग्यांची फळी बुडवून काढायची, लाल मणी म्हणजे खराब माल. सरासरीने एका फळीत दहा लाल येतात, पण प्रत्यक्षात कोणाला सहा येतात, कोणाला चौदा. मग सहावाल्याचं कौतुक आणि चौदावाल्याला बोलणी. फळी बुडवणाऱ्याच्या हातात तर काहीच नसतं. तुमच्या बोर्डावर सध्या बऱ्याच अंशी हेच चाललंय. शिवाय ज्याचं नाव रोज लाल खडूने लिहिलं जातं तो लवकरच खराब जॉब भंगाराच्या पेटीत तळाशी टाकायला शिकतो. मग रिजेक्शन ‘कमी’ होतं आणि कास्टिंगचा हिशोब जुळत नाही. मॅडम ज्याला रस नसणं म्हणतात ते तपासायचं असेल तर आधी हा बोर्ड खाली आल्यावर काय होतं ते बघा.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. बोअरचा पट्टा ३० ऐवजी १०० मायक्रॉनचा असता तर उष्णतेचा सगळा मुद्दा मी दोन ओळींत संपवला असता. जॉब स्टीलचा असता तर परिणाम निम्मा. रिजेक्शन बोअरच्या मापाऐवजी फिनिशचं किंवा डेंटचं असतं तर मी आधी इन्सर्ट आणि जॉब ठेवायच्या ट्रे बघितल्या असत्या. आणि दिवसा दोन टक्के, रात्री दहा टक्के असं निघालं तर उन्हाचा दोष मागे पडतो, मग रात्रपाळीकडे वळावं लागतं. म्हणून पहिला आकडा पाळीनुसार वेगळा काढा. सहा-सात टक्के ही सरासरी आहे आणि सरासरीत सगळं लपतं.

रात्रीबद्दल थोडं. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागतं, त्याला कौशल्य उपाय नाही. त्यात बारा तासांची पाळी, आणि मोशी-चाकणकडून येणाऱ्याला पुणे-नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दोन तास. झोपायला उरतं काय? आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८ च्या कारखाने अधिनियमात उगाच घातलेली नव्हती. पण बारा तास लगेच बंद करा असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तो निर्णय तुमच्या हातात नाही, आणि ओव्हरटाइम गेला तर पोरांच्याही खिशाला खार लागतो. तुमच्या हातातली गोष्ट वेगळी आहे: रात्री सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा जाणकार, असतो का? बहुतेक लहान कारखान्यांत नसतो. नव्या पोराने बोरिंग बारची डायल हलवायची की नाही हे विचारायला माणूसच नसेल, तर तो एक तर हलवणार नाही, नाही तर अंदाजाने हलवेल. अवघड जॉब दिवसा आणि सैल मापाचे जॉब रात्री लावणं एवढा बदल प्लॅनिंगमध्ये फुकट होतो.

उजेडाचंही स्वस्तात होतं. फोनवरच्या लक्समीटरवर (उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपवर) फार भरवसा ठेवू नका, पण दोन जागांची तुलना करायला तो चालतो. साध्या मशीनकामाला ३०० लक्सच्या आसपास आणि मापं घेण्याच्या टेबलावर त्याच्या दुपटीहून जास्त असावं. तुमच्याकडे ट्यूब पत्र्याजवळ उंच टांगलेल्या असणार आणि मशीनच्या आतला दिवा कूलंटने पिवळा पडलेला. तो पुसा आणि मापाच्या टेबलावर एक एलईडी खाली आणून लावा.

उष्णतेवर उपाय म्हणजे शेडला एसी असं कोणी म्हणत नाहीये. मापाच्या टेबलावर जाड लोखंडी प्लेट ठेवा, सेटिंग रिंग कायम तिच्यावरच. जॉब धुऊन, हवा मारून वीस-पंचवीस मिनिटं तिथे बसू द्या आणि मग मापा. सायकल टाइममुळे प्रत्येक जॉबला ते जमणार नाही, म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी एक सुधारणा-चिठ्ठी बनवा: पाच जॉब गरम मापायचे, तेच क्यूसीत थंड झाल्यावर मापायचे, फरक लिहायचा. “दुपारी दोन ते पाच: गेजवर अमुक मायक्रॉन वर ठेवा” असं मशीनवर चिकटवलं की जुन्या माणसाचं सहा उन्हाळ्यांचं शहाणपण नव्या पोराच्या पहिल्या आठवड्यात हाती येतं. पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग आणि वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारे टर्बो व्हेंट हा पुढचा खर्च, तो पोरं टिकावीत म्हणूनही करण्यासारखा आहे.

आता खऱ्या कौशल्याकडे येतो, कारण ते सोडून चालणार नाही. टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या पोराला ड्रॉइंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर येतं. पण बोअर गेज रोज हाताळलेला असेलच असं नाही. तो डुलवून सगळ्यात कमी रीडिंग पकडावं लागतं, ते नीट जमलं नाही तर पाच-दहा मायक्रॉन सहज चुकतात. हे तपासायला दहा जॉबना गुपचूप नंबर द्या, थंड होऊ द्या, आणि तीन जणांकडून प्रत्येक जॉब दोनदा मापून घ्या. आपलं आधीचं रीडिंग काय होतं ते त्यांना दिसता कामा नये. एकाच जॉबची एकाच माणसाची दोन रीडिंग दहा मायक्रॉनने हलत असतील तर तो माणूस ३० चा पट्टा सांभाळू शकत नाही. त्याला अर्धा दिवस बोअर गेजवर बसवा. ही कमतरता शुद्ध कौशल्याची आहे, ती ट्रेनिंगने जाते आणि लवकर जाते.

शिकवायचं मशीनपाशीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं झटपट तयार करायला जी पद्धत बसवली, ती चार पायऱ्यांची होती: माणसाला तयार करा, करून दाखवा आणि का ते सांगा, त्याला करायला लावा, मग अधूनमधून जाऊन बघा. आपल्याकडे दुसरी पायरी अर्धी होते आणि चौथी होतच नाही. “असं कर” सांगतात, “का” सांगत नाहीत. का माहीत नसलेला माणूस घाईत पहिल्यांदा तीच पायरी गाळतो.

एक सुचवतो, ऐकायला जरा विचित्र वाटेल. गेलेल्या तिघांपैकी ज्याच्याशी तुमचे संबंध चांगले आहेत त्याला फोन करा. तुमचा कारखाना गुरुवारी बंद असतो. त्याची सुट्टी रविवारी असेल तर दोन रविवार त्याला बोलवा, रीतसर पैसे द्या. त्याला “टिप्स सांग” म्हणू नका, त्याला काही सुचणार नाही. मशीनवर उभं करा, जॉब काढायला लावा, आणि शेजारी उभं राहून प्रत्येक हालचालीला विचारा: हे आत्ता का केलंस? बोट का फिरवलंस? डायल आत्ता का हलवलीस? शेजारी एक नवा पोरगा वही घेऊन. मालक कुरकुरतील, सोडून गेलेल्याला परत पैसे कशाला म्हणून. बाहेरच्या ट्रेनिंगच्या फीशी तुलना करून दाखवा.

मालकांशी बोलताना मात्र एक विषय टाळू नका. नवी पोरं ठेकेदाराची आहेत का, आणि सात-आठ महिन्यांनी त्यांना ब्रेक देणार, म्हणजे कामावरून काढणार का? तसं असेल तर ही सगळी मेहनत पुढच्या मार्चला पुन्हा करावी लागेल. चिठ्ठ्या आणि शीट मागे राहतील, पण आवाज ओळखणारा कान बाहेर पडेल. निदान क्रिटिकल बोअरच्या दोन मशीनवरची माणसं तरी कायम करा.

पैशाच्या क्रमाने सांगायचं तर या आठवड्यात बोर्ड काढणं, पाळीनुसार आणि लहान-मोठं असं रिजेक्शन वेगळं करणं, मापाची प्लेट आणि दिवा. पुढचे दोन आठवडे अदलाबदल आणि गेजची परीक्षा. ते कागद हातात आल्यावरच मालकांकडे पत्र्याचा आणि ट्रेनिंगचा विषय काढा.

आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी नक्की लिहा: बोअरचा टॉलरन्स (मापाचा चालणारा पट्टा), नाकारलेले जॉब लहान बाजूला की मोठ्या, आणि दिवस-रात्रीचे वेगळे आकडे. त्यावरून मशीनचा काही भाग आहे का, म्हणजे स्पिंडल किंवा फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाची) झीज, ते सांगता येईल. जुन्यांनी तेही झाकलेलं असू शकतं.